पेनिकीसवर कोण राहत होतं?

शाळेच्या ग्रंथालयात आठवी-नववीच्या मुलांचा एक वाचनगट मी चालवते. पुढच्या सत्रासाठी मी लॉरेन वोल्क या अमेरिकन लेखिकेची ‘बियाँड द ब्राइट सी’ ही २०१७ सालची कुमार कादंबरी निवडली. ऐतिहासिक बाल-कुमार कादंबरीसाठी तिकडे दिला जाणारा स्कॉट ओ’डेल पुरस्कार तिला २०१८ मध्ये मिळाला. कथा १९२५ मधली, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या एलिझाबेथ बेटांवरची. काही तासांचं एक बाळ नावाड्याविना होडीतून वाहत येतं. एकट्याने राहणारा ऑश नावाचा चित्रकार-कोळी त्याला उचलतो, वाढवतो, क्रो असं नाव देतो. क्रो बारा वर्षांची होते तेव्हा एका रात्री पलीकडच्या ओसाड पेनिकीस बेटावर तिला जाळ दिसतो. त्या बेटावर पूर्वी कुष्ठरुग्णांची वसाहत होती आणि ही मुलगी तिथूनच आली असावी, असा गावाचा संशय. इथून रहस्य सुरू होतं.

माझी आत्या विदर्भातल्या एका कुष्ठरुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. आता निवृत्त आहे. तिला पुस्तक वाचायला दिलं, तर तिचं म्हणणं पडलं की हे मुलांना देऊ नकोस. त्यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. एकमत झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आत्या : पुस्तक वाईट आहे असं मी म्हणतच नाही. उलट फार देखणं आहे, म्हणून तर धास्ती वाटते. धुकं, भरती-ओहोटी, फुटलेल्या जहाजांच्या लाकडांतून बांधलेलं घर, ओसाड बेटावरच्या कबरी. मुलं गुंगून जाणार. आणि या सगळ्यात कुष्ठरोग कशाला आला, तर भीतीची फोडणी द्यायला.

मी : पण पेनिकीस काही लेखिकेने मनाने रचलेलं नाही. बझर्ड्स उपसागरात ते बेट खरंच आहे, जेमतेम ७५ एकरांचं. १९०५ पासून १९२१ पर्यंत मॅसॅच्युसेट्स राज्याची कुष्ठवसाहत तिथेच होती. त्या सोळा वर्षांत एकूण ३६ माणसं तिथे ठेवली गेली. मग १९२१ मध्ये उरलेल्यांना लुइझियानातल्या कारव्हिलच्या रुग्णालयात हलवलं आणि सरकारने पुढे त्या इमारती जाळून, सुरुंग लावून पाडल्या. आज तिथे थोड्या कबरी आहेत आणि पक्षी आहेत. एवढं पुसून टाकलेलं एखादं ठिकाण मुलांपर्यंत न्यायचं तर रहस्यकथेशिवाय दुसरी वाट कुठली?

आत्या : चौकशीची वाट. सरकारने तीच जागा का निवडली, हा खरा प्रश्न. मुख्य भूमीवर आधी जिथे जागा पाहिली तिथल्या लोकांनी आरडाओरडा केला, म्हणून माणसं बेटावर गेली. यात रहस्य कसलं? हे तर वर्तमानपत्रात छापून आलेलं राजकारण आहे. आमच्याकडेही कुष्ठधामाला जागा मागायला गेलं की गाव हेच बोलायचं. काम चांगलं आहे, फक्त आमच्या शिवेत नको.

मी : मान्य. पण आठवीतल्या मुलाला तू ‘सार्वजनिक आरोग्य धोरण आणि स्थानिक विरोध’ असं सांगायला गेलीस, तर तो खिडकीबाहेर बघेल. त्याला एक मुलगी दे. तिच्या हातात होडीत सापडलेलं एक भिजून पुसट झालेलं पत्र दे, एक अंगठी दे. ‘मी कोण?’ हा प्रश्न दे. मग त्या प्रश्नामागे तो तुझ्या राजकारणापर्यंत आपण होऊन येतो. क्रो काय करते बघ. ती पेनिकीसवर जाते, कबरी पाहते, जुन्या लोकांना शोधते, पत्रव्यवहार करते. संशोधकाचीच सगळी कामं आहेत ही.

आत्या : आणि तिथे तिला कोण भेटतं?

मी : पक्ष्यांची राखण करतो असं सांगणारा एक माणूस.

आत्या : जो प्रत्यक्षात खजिन्याच्या मागे असतो. बघ, पुस्तक कुठे वळलं! कुष्ठवसाहतीत जाऊन आपल्याला सापडतो कोण, तर एक लुच्चा आणि दडवलेले दागिने. रुग्ण कुठे आहेत? कथा १९२५ ची ठेवली की ते आपोआप गायब होतात, कारण चार वर्षांपूर्वीच त्यांना हलवलेलं आहे. म्हणजे कुष्ठरोगावरचं पुस्तक, आणि कथा घडते तेव्हा बेटावर एकही कुष्ठरुग्ण नाही. लेखिकेने सोयीचं साल निवडलं.

मी : सोयीचं की नेमकं? वसाहत चालू असताना बारा वर्षांच्या मुलीला कोणी तिथे पाऊलसुद्धा ठेवू दिलं नसतं. १९२४ मध्ये बेट पक्षी अभयारण्य झालं होतं, त्यामुळे ‘पक्ष्यांचा राखणदार’ हे सोंग त्या साली अगदी खपून जाणारं आहे. लेखिका स्वतः केप कॉडला राहते, तिला तो टापू घरच्यासारखा माहीत आहे. आणि माणसं गेल्यावर, पण त्यांच्या खुणा पुसल्या जायच्या आत, अशी जी थोडीशी वेळ असते तीच तिने पकडली आहे.

आत्या : ती साहित्याची अडचण झाली. माझी अडचण निराळी आहे. मी तीस-बत्तीस वर्षं ज्यांचे हात हातात घेतले, ती माणसं या पुस्तकात फक्त कबरी आणि पत्रं होऊन येतात. एक साधी गोष्ट सांगते. नवीन रुग्ण आला की आम्ही त्याला डोळे मिटायला सांगायचो. मग बॉलपेनाचं टोक तळहातावर अलगद टेकवायचं आणि म्हणायचं, कुठे लागलं ते बोटाने दाखवा. करंगळीखाली टेकवलं तर काही जण नुसतेच बसून राहायचे, वाट बघत. त्यांना वाटायचं, अजून सुरुवात व्हायची आहे. एका बाईच्या तळव्यावर तव्याने भाजल्याचा डाग होता, चांगला रुपयाएवढा. तिला तो मी दाखवला तेव्हा कळला.

मी : हे पुस्तकात नाही, खरं आहे.

आत्या : नसणारच. या रोगात नसा बधिर होतात हे ज्याला कळलं, त्याला बोटं का झिजतात ते कळतं. बोटं गळून पडत नाहीत. चटके बसतात, जखमा होतात, दुखत नाहीत म्हणून तशाच राहतात, चिघळतात. कोपरामागची नस सुजली की करंगळी आणि शेजारचं बोट वाकतं. पापणी मिटत नाही, मग डोळा जातो. यातलं बरंचसं टाळता येतं. पायाला मऊ रबराच्या, एम.सी.आर.च्या चपला, रोज पाय भिजवून तेल लावणं, गरम भांड्याला फडकं. हे कळलं की भीती उतरते. तुझ्या पुस्तकात भीती आहे, पण ती उतरवणारं ज्ञान कमी आहे.

मी : कादंबरीने आरोग्यपुस्तिकेचं काम करावं असा तुझा आग्रह आहे.

आत्या : नाही गं. एवढंच म्हणते की ज्याला या रोगाची काहीच माहिती नाही, त्याच्या डोक्यात पहिलं चित्र कोणतं बसेल? धुक्यातलं ओसाड बेट. आणि ते चित्र सुंदर आहे, हीच पंचाईत. जगभर या रोगाला बेटं दिली. हवाईत मोलोकाईच्या कलाउपापाला १८६६ पासून माणसं नेऊन सोडली, शंभर वर्षांत आठ हजारांच्या आसपास. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावर मंडेलांच्या आधी कुष्ठरुग्ण होते. फिलिपिन्समध्ये कुलियन, ग्रीसमध्ये स्पिनालोंगा. आता त्या बेटांवर पर्यटक जातात, कादंबऱ्या होतात. बेट म्हटलं की वाचकाला समुद्र दिसतो. तिथे नेलेल्या माणसाला परत न येणारी होडी दिसत होती.

मी : इथे मी तुला अडवते. या कादंबरीत बेटं एकसारखी नाहीत. क्रो आणि ऑश राहतात ते बेट आणि गाव आहे ते कटीहंक बेट यांच्यामधून ओहोटीला चालत जाता येतं. आपल्याकडे अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, तसंच. म्हणजे पाणी फारसं आड येत नाही. तरी गावातली माणसं त्या मुलीला बारा वर्षं हात लावत नाहीत. शाळेत घेत नाहीत. मिस मॅगी नावाची एकच बाई तिला शिकवते, जवळ घेते. दिवसातून दोनदा वाट कोरडी होते आणि तरी कोणी येत नाही, हे मुलांना दिसतं. तू जे ‘शिवेत नको’ म्हणालीस, ते याहून चांगलं कसं दाखवायचं?

आत्या : हं. हे बरं टिपलंस.

मी : आणि पेनिकीसचा इतिहासही नुसता रोगाचा नाही. १८७३ मध्ये त्याच बेटावर लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा काढली होती. जॉन अँडरसन नावाच्या धनिकाने बेट आणि ५० हजार डॉलर दिले. स्त्रियाही शिकायला होत्या. समुद्रकिनारी राहून, समुद्री जीव हातात घेऊन शिकायचं अशी ती कल्पना. अगासी त्याच वर्षअखेरीस वारला आणि शाळा फार टिकली नाही. मग वसाहत, मग पक्षी, आणि १९७३ मध्ये पुन्हा एक शाळा, गुन्ह्यांत सापडलेल्या मुलग्यांसाठी. एकाच ७५ एकरांवर दीडशे वर्षांत अमेरिकन समाजाने काय काय नेऊन ठेवलं बघ.

आत्या : १८७३? त्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सनला कुष्ठरोगाचा जंतू दिसला. म्हणजे वसाहत सुरू झाली तेव्हा रोग जंतूने होतो हे कळून तीस वर्षं झाली होती. शाप नाही, पाप नाही, आनुवंशिक नाही, हे माहीत होतं. औषध मात्र नव्हतं. तेव्हा जगभर चालमोगऱ्याचं तेल द्यायचे, आपल्या सह्याद्रीत त्याच जातीचं कडू कवठीचं झाड आहे. पोटात घेतलं तर ओकारी, टोचलं तर गळू. पहिलं खरं गुणकारी औषध १९४१ मध्ये आलं, प्रोमिन. आणि ते कुठे वापरलं, तर कारव्हिललाच, जिथे पेनिकीसचे रुग्ण नेले होते.

मी : हे मी मुलांना सांगेन.

आत्या : सांगच. आणि हेही सांग की आपल्या वेल्लोरला हातांच्या शस्त्रक्रियांची पद्धत बसवणारे डॉ. पॉल ब्रँड १९६६ मध्ये त्याच कारव्हिलला गेले. वाकलेली बोटं सरळ करण्यासाठी ते चांगल्या स्नायूचा कंडरा दुसरीकडे वळवून जोडायचे. मग आमचं काम सुरू व्हायचं. ज्या स्नायूने आजवर एक काम केलं, त्याला दुसरं शिकवायचं. आठवडेच्या आठवडे. रुग्ण पहिल्यांदा शर्टाचं बटण लावतो तेव्हा खोलीत सगळे आपापली कामं थांबवून बघतात. तुझ्या कादंबरीत एवढा एक प्रसंग असता ना, तर मी भांडले नसते.

मी : पण १९२५ मध्ये ती शस्त्रक्रियाच नव्हती.

आत्या : नव्हती. ठीक आहे. मग आता माझा खरा आक्षेप ऐक, आतापर्यंतचे सगळे बाजूला ठेव. क्रो निरोगी आहे.

मी : हो.

आत्या : वाचकाला राग कसला येतो? हिला काही झालेलं नाही आणि तरी लोक हिला वाळीत टाकतात, याचा. म्हणजे अन्याय कशात आहे, तर संशय चुकीचा आहे यात. संशय बरोबर असता तर? त्या मुलीच्या दंडावर एक फिकट, बधिर चट्टा असता तर? मग गाव वागलं ते ठीक होतं का? पुस्तक वाचकाला एका निष्पाप, निरोगी मुलीच्या बाजूने उभं करतं, आणि वाचकाला वाटतं की आपण रुग्णांच्या बाजूने उभे राहिलो. या दोन बाजू एक नाहीत. आमच्या ओपीडीत रोज हे चालायचं. ‘माझ्या मुलीला काही नाही ना, तसं लिहून द्या, सोयरीक मोडेल.’ आई-बाप लेकीला सोडवायला बघायचे, पण आपल्याच आजारी भावाला गोठ्यात ठेवलेलं असायचं.

मी : हा आक्षेप जड आहे. रहस्यकथेचा साचाच तसा आहे. शेवटी सत्य बाहेर येतं आणि निर्दोष माणूस सुटतो. फास्टर फेणेसुद्धा हेच करतो, खरा चोर पकडतो आणि आळ आलेल्याला मोकळं करतो. पण ‘आजारी नाही’ म्हणजे ‘निर्दोष’ असं समीकरण झालं, तर आजारी माणूस दोषी ठरतो. हे तू म्हणतेस ना?

आत्या : अगदी हेच.

मी : मग ऑशकडे बघ. होडीत बाळ आलं तेव्हा ते कुठून आलं याची शंका त्याला आली नसेल का? पेनिकीस समोर दिसतं. वसाहत तेव्हा चालू होती. त्याच्याकडे कसलाही पुरावा नव्हता, डॉक्टर नव्हता, तपासणी नव्हती. त्याने बाळ उचललं. मिस मॅगीनेही जवळ घेताना दाखला मागितला नाही. क्रोचं कोडं सुटतं बारा वर्षांनी, आणि या दोघांनी तिला आपलं मानलं ते कोडं सुटायच्या बारा वर्षं आधी. पुस्तकाचं वजन मला तिथे वाटतं. रहस्य उलगडल्याने गावाला कदाचित फरक पडेल, पण ज्यांच्यामुळे ती मुलगी जगली त्यांना उलगड्याची गरजच नव्हती. उलट ऑशला तो शोध नकोसा वाटतो. तिला तिचं खरं घर सापडलं तर आपलं काय, ही भीती त्याला खाते. रहस्यकथेत असा माणूस क्वचित भेटतो, ज्याला उत्तराशी काही देणंघेणं नाही.

आत्या : ऑश मलाही आवडला. कमी बोलतो, हाताने करतो. संस्थेत जी मंडळी टिकली ती तशीच होती. पण मग लेखिकेने मिरवलं कशाला? खजिना, पाठलाग, वादळ? ऑशच्या एका वाक्याला जेवढी जागा, त्याच्या चौपट त्या दागिन्यांना.

मी : तेरा वर्षांच्या वाचकाला पान उलटायला लावायचं तर काहीतरी धावायला हवं.

आत्या : हे तुम्हा मंडळींचं नेहमीचं. साने गुरुजींच्या पुस्तकांत कुठे कोण धावतं? मुलं रडत रडत वाचायची ना?

मी : रडत वाचायची. आता विचारही करायला लावायचा आहे. आणि खजिनाही अगदीच वायफळ नाही. त्या किनाऱ्यावर कॅप्टन किडच्या पुरलेल्या धनाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. गावातली माणसं पेनिकीसच्या हवेला घाबरतात, पण तिथे सोनं आहे म्हटल्यावर एक माणूस माती उकरायला बिनधास्त उतरतो. लोभापुढे संसर्गाची भीती टिकत नाही, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. वसाहतीत पैसा मिळतो म्हटल्यावर ती जागा अचानक स्वच्छ होते.

आत्या : हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्या संस्थेची जमीन गावाबाहेर, कोणी फिरकत नसे. गाव वाढत तिच्यापर्यंत आलं, रस्ता झाला, मग ‘ही जागा यांना एवढी कशाला’ सुरू झालं. त्यात एकालाही रोगाची भीती वाटत नव्हती.

मी : मग पुस्तक तुझ्याच बाजूचं बोलतंय.

आत्या : थांब, अजून एक आहे. तुझ्या पुस्तकाचा एक विश्वास आहे, सगळ्या रहस्यकथांचा असतो. खरं काय ते कळलं की गाठ सुटते. माझा अनुभव तसा नाही. गोळ्यांचं बहुविध औषध ऐंशीच्या दशकात आलं. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. पानावर महिन्याच्या गोळ्या आखलेल्या. पहिला डोस आमच्यासमोर घ्यायचा, लघवी लाल होते म्हणून घाबरू नका असं सांगायचं, त्यातल्या एका कॅप्सूलने काळपटपणा येतो तो पुढे जातो हेही सांगायचं. कोर्स पूर्ण झाला की माणूस रोगमुक्त. कागदावर लिहून द्यायचो. आणि तो कागद घेऊन घरी गेलेला माणूस सहा महिन्यांनी परत दारात उभा. घरच्यांना कागद वाचता येत होता. खरं काय ते सगळ्यांना कळलेलं होतं. गाठ सुटली नाही.

मी : कायदेही उशिराच बदलले ना?

आत्या : फार उशिरा. इंग्रजांच्या काळातला १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा आपण २०१६ मध्ये रद्द केला. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येत होता, ते कलम गेलं २०१९ मध्ये. तोवर बहुविध औषधाला साडेतीन दशकं उलटली होती. शंभरातल्या पंचाण्णव माणसांना हा रोग होतच नाही, त्यांच्या अंगात जन्मतःच प्रतिकार असतो. हे शास्त्राला माहीत होतं, कायद्याला कळायला वेळ लागला. म्हणून मी म्हणते, मुलांना असं वाटू देऊ नकोस की पत्र सापडलं, कोडं सुटलं आणि माणसं सुधारली.

मी : या पुस्तकात गाव एका रात्रीत सुधारत नाही. क्रोला काही उत्तरं मिळतात, काही कधीच मिळत नाहीत. आपल्याला एक भाऊ आहे हे तिला कळतं, त्याचा शोध ती घेत राहते. शेवट गोड आहे, पण तो तिच्या आणि ऑशच्या घरापुरता. मला तर तो प्रामाणिकपणा वाटला.

आत्या : घरापुरता. तेच खटकतं गं. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला काय केलं? खडकाळ जमीन घेतली, रुग्णांनी विहिरी खणल्या, धान्य काढलं, आणि पुढे तिथेच कॉलेज काढलं. बाहेरची धडधाकट पोरं कुष्ठरुग्णांच्या आनंदवनात शिकायला यायला लागली. म्हणजे आतल्यांनी बाहेर येऊन परवानगी मागायची नाही, बाहेरच्यांनी आत यायचं. अमेरिकेत पेनिकीसची राख केली आणि इकडे पंचवीस-तीस वर्षांनी माळरानावर गाव उभं राहिलं. ज्या कथेत रुग्ण काहीतरी करतात, ती मला मुलांना द्यावीशी वाटते.

मी : ती गोष्ट आमच्या मुलांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकात असते, निबंधात असते, आणि म्हणूनच गुळगुळीत झाली आहे. ‘कुष्ठरुग्णांची सेवा’ म्हटलं की एक थोर माणूस डोळ्यांसमोर येतो आणि रुग्ण मागे, अंधुक. तुझाच आक्षेप तिथेही लागू होतो की.

आत्या : लागू होतो. चांगली पकडलीस मला. चरित्रातही रुग्ण मागेच असतात. आनंदवनात राहणाऱ्यांना विचारलं तर ते बाबांबद्दल बोलतील, पण त्याआधी आपल्या शेताबद्दल बोलतील.

मी : मग एखाद्या सत्राला संस्थेतल्या, बऱ्या झालेल्या कोणाला बोलावू का? मुलांशी बोलतील.

आत्या : नको. मुलांच्या धड्यासाठी माणूस समोर उभा करायचा आणि मग सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवून आपण किती चांगले म्हणून घरी जायचं, हे मी फार पाहिलं. शाळा-कॉलेजच्या भेटी यायच्या. वाकलेल्या बोटांचे फोटो काढायचे. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी एकदा विचारलं होतं, ‘तुमचे हात बघू का आम्ही?’ सगळे गप्प.

मी : मग रुग्णांचा आवाज आणायचा कुठून?

आत्या : त्यांनीच लिहिलेलं आण. कारव्हिलला स्टॅन्ली स्टाइन नावाचा माणूस होता. ते त्याचं खरं नाव नव्हे. घरच्यांची अब्रू राहावी म्हणून तिथे आल्यावर बरेच जण नाव बदलायचे. तो आंधळा झाला, तरी ‘द स्टार’ नावाचं मासिक चालवत राहिला. रुग्णांना मतदानाचा हक्क नव्हता, त्यासाठी ते मासिक भांडलं आणि १९४६ मध्ये लुइझियानाने तो परत दिला. पत्रकारांनी रुग्णांसाठी तुच्छतेचा शब्द वापरला की तो संपादकाला पत्र लिहायचा. तुझं रहस्य त्याच्यापाशी उलटं होतं. क्रो विचारते, मी कोण? स्टाइन आपण कोण ते जगाला सांगतो आणि खरं नाव तेवढं झाकून ठेवतो.

मी : पेनिकीसहून निघालेली होडी जिथे पोहोचली, तिथलाच माणूस. छान जोडता येईल.

आत्या : मग माझी अट ऐक. पुस्तक दे. पण पहिल्या दिवशी खजिन्याचा नकाशा फळ्यावर काढू नकोस. आणि शेवटच्या दिवशी मुलांना हे विचार : होडीतल्या बाळाच्या अंगावर चट्टा असता तर?

मी : मुलं म्हणतील, ऑशने तरीही घेतलं असतं. मॅगीने तरीही शिकवलं असतं. परीक्षेला लिहावं तसं उत्तर देतील.

आत्या : ऑशचं नको विचारू, तो पुस्तकातला आहे, त्याचं उत्तर लेखिकेने देऊन ठेवलंय. तुमच्या आळीतलं विचार. तुमच्या शेजारच्या घरात असं कोणी राहायला आलं, आणि तुमची आई म्हणाली की तिकडे खेळायला जायचं नाही, तर तुम्ही काय कराल? लेखी मागू नकोस. तास संपायच्या पाच मिनिटं आधी विचार आणि सोडून दे.

मी : काही मुलं तो प्रश्न घरी नेतील.

आत्या : आणि काही मुलं खजिना सापडला म्हणून समाधानाने पुस्तक मिटतील. दोन्ही होणार. तुला पहिल्यांचा भरवसा आहे, मला दुसऱ्यांची काळजी आहे. दुसरी मुलं जास्त असतात एवढं लक्षात ठेव. उद्या त्यांच्यातलाच कोणीतरी डॉक्टर होतो, कोणी तलाठी, आणि कोणी सरपंच होऊन ‘आमच्या शिवेत नको’ म्हणतो.

मी : म्हणून तर पुस्तक त्यांच्याच हातात पडायला हवं. ज्यांना आधीच कळलंय त्यांना देऊन काय करू?

आत्या : बरं. दे. पण ‘द स्टार’चे अंक आधी मिळव, मग सत्राची तारीख लाव.